दूध कशात तापवता?

गोवंडीत तांबं ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या भागांत भंगाराची गोदामं आहेत, वायरी सोलणारे हात आहेत, आणि सोलायला वेळ नसला की वायरींचा भारा सरळ पेटवून देणारेही आहेत. प्लास्टिकच्या काळ्या धुरात मधेच हिरवट-निळी ज्योत उठते. ती दिसली की आत तांबं आहे हे लहान पोरालाही कळतं. मग राख झटकून तार काट्यावर चढते. तांब्याचा दर किलोवर ठरतो, रोज हलतो आणि सगळ्यांच्या तोंडी असतो.

त्याच वस्तीतल्या मुलाच्या अंगात तांबं किती, हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी नाही. मोठ्या माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून 100 मिलिग्रॅमच्या आसपास तांबं असतं, तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाइतकं. एवढ्याशा तांब्यावर रक्त तयार होणं, हाडं बळकट होणं, मज्जातंतूंवरचं आवरण टिकणं, केसांचा रंग, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, असं बरंच काही अवलंबून आहे. रोजची गरज एक ते दोन मिलिग्रॅमची. फार कमी पडलं तर मूल पांढरंफटक होतं, फार साचलं तर यकृत जातं.

हे मोजमाप गोवंडीत व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी याहून सोयीची जागा देशात क्वचितच असेल. रुळांच्या एका बाजूला, स्टेशन रोडवर, 1956 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तिच्याकडे असते. देशातल्या किती बायका आणि किती मुलं रक्तक्षयी आहेत हे अख्खा देश वर्षानुवर्षं याच इमारतीकडून ऐकत आला. जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्था. थोडं पुढे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, जिथे कणभर नमुन्यातला धातू दशलक्षांशात मोजण्याची विद्या आहे. रुळांच्या दुसऱ्या बाजूला 1927 पासून शहराचा कचरा झेलणारं देवनारचं डम्पिंग ग्राउंड. हे सगळं ज्या एम-पूर्व विभागात येतं, तो 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. मोजणारे आणि ज्यांना मोजायचं ते, यांच्यात इथे चालत जाण्याइतकंच अंतर आहे.

पण ‘मोजा’ म्हणण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं. तांब्याच्या बाबतीत रक्त काढणं ही शेवटच्या पायऱ्यांपैकी एक आहे, आणि पहिली पायरी स्वयंपाकघरात आहे. हे महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे.

गेल्या शतकात पुणे आणि आसपासच्या गावांतल्या घरांत एक आजार यायचा. वर्ष-दीड वर्षाचं मूल चिडचिडं व्हायचं, पोट वाढायचं, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोटांना यकृताची टणक, धारदार कडा लागायची. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि कावीळ दिसल्यानंतर बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच आईची दोन-तीन मुलं पाठोपाठ जायची. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’. 1887 साली कोलकात्यात त्याची नोंद झाली होती आणि त्यानंतर जवळपास शतकभर कारण हाती लागलं नाही. आजार हिंदू मध्यमवर्गीय घरांत जास्त, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत विरळ, आणि भावंडांत पुन्हा पुन्हा. त्यामुळे दोष रक्तातच आहे, घराण्यातच आहे, असं समजणं सोपं होतं. त्या काळात दुसरं मूलही गेलेल्या सुनेला घरात काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना ज्यांनी ‘पायगुण’ हा शब्द ऐकला आहे त्यांना करता येईल.

1970 च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली एक खूण सापडली. या मुलांच्या यकृताच्या पेशींत ऑर्सीन नावाच्या रंगाने गडद तपकिरी होणारे कण भरलेले होते. ते तांब्याचे होते. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृतात सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांमध्ये ते हजाराच्या पुढे, कधी कित्येक हजार निघालं. आकडा इतका मोठा होता की यंत्राची चूक म्हणून सोडून देता येत नव्हता. तरी ते आलं कुठून हे तो आकडा सांगत नव्हता. जन्मजात दोषामुळे तांबं बाहेर टाकता येत नसेल, तरी ते असंच साचलं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना विचारायला सुरुवात केली. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? आणि दूध कशात तापवता, कशात ठेवता? 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, तिथेच ठेवलेलं होतं. भांड्याला कल्हई नव्हती, किंवा होती ती उडालेली होती.

माझ्या आजीच्या घरी कल्हईवाला यायचा तो दिवस मला आठवतो. अंगणात भाता, नवसागराचा डोळे चुरचुरवणारा धूर, कथलाची कांडी तापल्या पातेल्याला टेकवून कापडाच्या बोळ्याने तो भराभर फिरवायचा आणि पिवळं पोट पांढरं व्हायचं. कल्हई उडालेल्या पातेल्यात आजी ताक कधी ठेवत नसे. ताक कळकतं म्हणायची. कळकणं हे क्रियापद मराठीत खास या एका घटनेसाठी आहे. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला, त्यात धातू उतरला, चव आणि रंग बिघडला, की तो कळकला. तांब्याच्या मोजमापाचं आपल्याकडचं सर्वात जुनं साधन हेच असणार: जीभ. जंगालाची हिरवट कड दिसली की भांडं बाजूला, कळकट चव लागली की आमटी ओतून द्यायची. त्या साधनाने किती पिढ्या वाचवल्या असतील.

पण दूध आंबट नाही, म्हणून ते कळकेल असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि दुधाचा स्वभाव असा की त्यातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं आणि भांड्यातून आणखी ओढून घेतं. पुढच्या काही वर्षांत प्रयोगशाळेत पितळी भांड्यांत दूध ठेवून हे तपासलं गेलं. गाईच्या दुधात स्वतःचं तांबं जवळपास नसतंच, लिटरमागे मिलिग्रॅमच्या दशांशाइतकं किंवा त्याहून कमी. बाकी सगळं भांड्याचं. नवजात बाळाच्या यकृतात आईने शेवटच्या तीन महिन्यांत दिलेला तांब्याचा साठा आधीच मोठा असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची ताकद अजून कच्ची असते. अशा बाळाला दिवसातून चार-सहा वेळा पितळेतलं दूध मिळालं तर काय होईल, हे पुणेकर डॉक्टरांना शतकभराच्या कोड्यानंतर स्पष्ट दिसलं. भावंडांत आजार का येतो याचं उत्तरही मिळालं. घराणं तेच होतं, पण पातेलंही तेच होतं.

डी-पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध वेळेत दिलेली काही मुलं वाचली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाळाच्या दुधासाठी पितळ वापरू नका, स्टील वापरा, हा सांगावा घराघरांत गेला. स्टील तसंही घरोघर येतच होतं. 1990 च्या दशकापर्यंत पुण्याच्या वॉर्डांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागाची कथाही अशीच आहे. तिथे 1900 ते 1974 या काळात 138 बालकं अशाच यकृतरोगाने गेल्याचं 1996 साली प्रसिद्ध झालं. त्यांचंही गाईचं दूध तांब्याच्या कढयांत तापवलेलं होतं, आणि कढया बदलल्यावर आजार संपला. काही शंका अजूनही उरतात. त्याच पितळेतलं दूध पिऊन बहुसंख्य मुलं धडधाकट राहिली, म्हणजे काही बाळांत जन्मजात दुबळेपणाही असावा. टिरोलच्या अभ्यासकांनी तर तो गृहीतच धरला. पण दुबळेपणा होता म्हणून मेलेलं मूल पातेलं बदललं असतं तर जगलं असतं, आणि पातेलं बदलणं आपल्या हातात होतं.

समजा त्या काळात कुणी पुणे जिल्ह्यातल्या दहा हजार मुलांच्या रक्तातलं तांबं मोजलं असतं. कागदांचा ढीग झाला असता. पातेल्यापर्यंत कुणी पोचलं असतं असं मला वाटत नाही.

कारण रक्तातलं तांबं पोषणाबद्दल फार कमी सांगतं. रक्तरसातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला बांधलेलं असतं. 1948 साली स्वीडनमध्ये ते वेगळं केलं गेलं, आणि रंग आभाळासारखा निळा म्हणून हे नाव मिळालं. शरीराला ताप, जंतुसंसर्ग, सूज असं काहीही झालं की यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. गरोदरपणात ते वाढतं, इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं. त्याच्याबरोबर रक्तातल्या तांब्याचा आकडा वर जातो, खाण्यात तांबं एक कणही वाढलेलं नसताना. उलट्या दिशेनेही फसगत आहे. विल्सनच्या आजारात यकृत आणि मेंदू तांब्याने भरून वाहत असतात, आणि रक्तातलं एकूण तांबं बहुतेक वेळा कमी दिसतं, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिनच कमी बनतं. तिथे 24 तासांची लघवी साठवून मोजावी लागते, डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं कडं बघावं लागतं, प्रसंगी यकृताचा तुकडा काढावा लागतो. एकाच धातूसाठी शरीरात इतके वेगवेगळे पत्ते आहेत आणि प्रत्येक पत्त्यावर वेगळं उत्तर मिळतं.

आता हे गोवंडीत ठेवून पाहा. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतली गोवराची साथ याच भागातून उठली. क्षय इथे घरोघर ठाऊक आहे. पावसाळ्यात जुलाब, बाराही महिने खोकला. अशा वस्तीत शंभर मुलांच्या रक्तातलं तांबं मोजलं तर ते छान भरलेलं निघेल. कुणीतरी अहवालात लिहील की तांब्याची कमतरता नाही, आणि तो प्रत्यक्षात मुलांच्या तापाचा अहवाल असेल. जस्ताचं नेमकं उलटं होतं. संसर्गात रक्तातलं जस्त खाली जातं. म्हणून तांबं मोजायचं तर त्याच नळीतून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे शरीरात सूज आहे की नाही हे सांगणारी तपासणीही करावी लागते. नाहीतर आकडा वाचताच येत नाही.

केसांतलं तांबं मोजून ‘खनिजांचा अहवाल’ देणाऱ्या जाहिराती हल्ली दिसतात. केसाला बाहेरचंही तांबं चिकटतं. वायरी जळतात त्या गल्लीतल्या मुलाच्या केसात तांबं सापडलं तर त्याने आपल्याला फक्त गल्लीचा पत्ता कळेल. अशा तपासण्यांवर आई-बापांचा पैसा जाऊ नये असं मी स्पष्टच म्हणेन. जळत्या वायरींचा खरा धोकाही वेगळा आहे. प्लास्टिक जळताना तांबं डायॉक्सिनसारखी विषं तयार व्हायला मदत करतं, आणि भंगाराच्या धुरात शिसंही असतं. शिशासाठी मात्र रक्त हाच योग्य पत्ता आहे, आणि या गल्ल्यांतल्या मुलांचं शिसं आधी मोजावं. प्रत्येक धातूसाठी एकच सुई चालत नाही.

तांब्याच्या बाटल्यांचंही इथेच सांगून टाकते, कारण हा विषय काढला की लोक पहिलं तेच विचारतात. बंगळूरच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेले आणि पाण्यात तांबं उतरलं ते लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमहूनही कमी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2 मिलिग्रॅम आहे. साधं पाणी ठेवायला हरकत नाही. लिंबू पिळून, ताक घालून ठेवू नये. आणि बाळाचं दूध कधीही नाही.

खरा मुद्दा रक्तक्षयाचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 मध्ये, सहा महिने ते पाच वर्षांची 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्याआधीच्या पाहणीत, 2015-16 मध्ये, हा आकडा 58.6 होता. मधल्या काळात, 2016 ते 2018, सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. त्यात 1 ते 4 वर्षांच्या मुलांत रक्तक्षय निघाला 41 टक्के. वयोगटात थोडा फरक आहे, पण एवढी दरी त्याने भरत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीत बोट टोचून थेंब घेतला होता, पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त. बोट दाबलं की ऊतींतलं पाणी थेंबात मिसळतं, हाताळणीत फरक पडतो आणि आकडा हलतो. हिमोग्लोबिनसारखी साधी, जुनी गोष्ट मोजतानाही देशाला दोन वेगळी उत्तरं मिळाली. तांबं तर त्याहून कितीतरी पट सूक्ष्म. नेहमीच्या नळीच्या बुचातला धातूसुद्धा नमुना बिघडवू शकतो, त्यासाठी खास धातूमुक्त नळ्या लागतात.

त्या सर्वंकष सर्वेक्षणात लोह, जस्त, आयोडिन, अ आणि ड जीवनसत्त्व, बी-12, फोलेट हे सगळं होतं. तांबं नव्हतं. हे मला खटकतं, कारण लोह वापरायला तांबं लागतं. 1928 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला उंदरांवर हे सिद्ध झालं. नुसत्या दुधावर वाढवलेले उंदीर रक्तक्षयी झाले, शुद्ध लोह देऊनही सुधारले नाहीत, किंचित तांबं दिल्यावर सुधारले. साठ्यातलं लोह रक्तात नेण्याजोगं करून देण्याचं काम तेच निळं सेरुलोप्लाझ्मिन करतं. 1964 साली पेरूमध्ये कुपोषणातून सावरणाऱ्या, दुधावर ठेवलेल्या बाळांत तांब्याची कमतरता दिसली. तेच पांढरं दूध. पुण्यात पितळेतून आलं म्हणून तांब्याने मारलं, पेरूत स्वच्छ भांड्यातून आलं आणि बाळाचं सगळं खाणं तेच होतं, म्हणून तांब्यावाचून मूल फिकं पडलं. भांडं विचारल्याशिवाय या दोन मुलांतला फरक कुणाला कळणार?

गोवंडीतला बहुतेक रक्तक्षय तांब्याचा आहे असा माझा दावा नाही. तो बराचसा लोहाचा, बी-12 चा, जंतांचा, सततच्या संसर्गाचा आणि आईच्याच अंगात रक्त नसल्याचा आहे. डाळी, तीळ, शेंगदाणे, भरड धान्यं पोटात जात असतील तर तांबं सहसा पुरतं, आणि देवनारच्या कत्तलखान्यामुळे या भागात कलेजी मिळणंही अवघड नसावं. यकृत हे तांब्याचं सर्वात भरलेलं अन्न. काळजी त्या मुलांची वाटते जी वेळेआधी जन्मली, म्हणजे ज्यांचा आईकडून मिळायचा साठा अर्धवट राहिला, ज्यांना महिनोन्‌महिने पाणी घातलेलं दूध, चहा-बिस्किट यांवर ठेवलं गेलं आणि ज्यांचे जुलाब थांबत नाहीत. अशा मुलाला ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या नियमाप्रमाणे आठवड्यातून दोनदा लोहाचं सरबत मिळतं, 20 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. जुलाब झाले की 14 दिवस जस्ताची गोळी. दोन्ही बरोबर आहे, दोन्ही द्यायलाच हवं. पण जस्त मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेतलं तर ते तांब्याचं शोषण अडवतं. चौदा दिवसांनी ते होत नाही. पुन्हा पुन्हा, कुणाला न विचारता, दुकानातून आणलेल्या टॉनिकांनी होऊ शकतं. असं मूल तीन महिने सरबत घेऊनही फिकंच राहिलं, तर आई सरबत देत नसेल असा निष्कर्ष काढला जातो. पुण्याच्या सुनेसारखंच इथेही बोट आईकडेच जातं.

म्हणून मला जे मोजमाप हवं आहे ते लहान आहे. सगळ्या मुलांच्या शिरा टोचण्याची गरज नाही. लोह नीट देऊनही हिमोग्लोबिन न वाढणारी मुलं निवडायची. त्यांच्या साध्या रक्ततपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली काही ओळी सोडून न्यूट्रोफिल्सचा आकडा छापलेला असतोच. तांबं खरंच कमी असेल तर रक्तक्षयाबरोबर हा आकडाही पडलेला दिसतो. त्या ओळीचे पैसे आधीच भरलेले असतात. तो आकडा कमी असेल त्याच मुलाचं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन आणि सूज दाखवणारी तपासणी धातूमुक्त नळीत घ्यायची, आणि ट्रॉम्बेच्या शेजाराचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो इथे. तिथल्या प्रयोगशाळांत तांब्याचे अणू 324.8 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतात यावरून त्याचं प्रमाण काढता येतं. वायर जाळणारी पोरं हिरव्या ज्योतीत जे बघतात, त्याच अणूंचा हा दुसरा गुण आहे.

त्याआधी, सुई बाहेर काढण्याआधी, अंगणवाडी सेविकेच्या वहीत वजन-उंचीच्या रकान्यांशेजारी चार ओळींची जागा हवी. बाळ किती आठवड्यांचं असताना जन्मलं? वरचं दूध कधी सुरू केलं, त्यात पाणी किती घालता? दूध आणि पाणी कशात ठेवता? घराच्या किती जवळ वायरी जळतात? ही चारही उत्तरं आईला तोंडपाठ असतात, आणि ती घ्यायला पाच मिनिटं लागतात.